लाल मांडवाखालची डाळिंबं

राहात्याच्या बाजारात राधाकृष्णआण्णांचा पेरू आला, की क्रेटच्या तळाला हात घालून बघायची कुणाला गरज वाटत नसे. वरचा पेरू जसा, तसाच तळाचा. आण्णा म्हणाले, 'उद्या माल देतो', की व्यापारी निर्धास्त व्हायचा. आणि आण्णा म्हणाले, 'अजून थांबा', तर बाजार कितीही चढला तरी हा माणूस फांदीला हात लावू द्यायचा नाही. साठी ओलांडलेल्या आण्णांनी आयुष्यात कमावलं काय, तर पेरूची बाग, मळ्यातलं पक्कं घर आणि बाजारातला हा शब्द. यातलं त्यांना सगळ्यात जास्त प्यारं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. नुसता शब्दाचा विषय निघाला तरी त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

या शब्दामागे होता आण्णांचा डोळा. पेरू पिकायला आला, की सालीवरची हिरवाई किंचित निवते, आणि ते निवणं आण्णांना बांधावरूनच कळायचं. हा डोळा देवानं दिला की अनुभवानं, असं कुणी विचारलं, तर दोघांपैकी कुणालाच श्रेय द्यायची त्यांची फारशी तयारी दिसत नसे.

अशा माणसानं तीनेक वर्षांपूर्वी पेरूशेजारच्या रिकाम्या रानात डाळिंब लावलं, आणि यंदा त्याचा पहिला बहर धरला. डाळिंबाचा एक नखरा असतो. त्याला ऊन हवं असतं, पण सोसत नाही. मार्चातलं ऊन सरळ फळावर पडलं, की साल भाजते आणि तिच्यावर तपकिरी चट्टा उठतो. म्हणून या भागात उन्हाळा लागला, की जो तो आपापल्या परीनं ऊन गाळून घ्यायला लागतो. रोपवाटिकेवर हिरवी जाळी चढते, आणि तिच्याखाली गेलं की अंगावरचं ऊन विहिरीतल्या पायरीसारखं गार वाटतं. पेरूला फोमची टोपडी आणि वर पारदर्शक पिशवी घालतात. उजेड आत जातो, माशी बाहेर राहते. गोठ्यावरचा पत्रा उजेडाला दारातूनच परत पाठवतो. डाळिंबावर कुणी पांढरं क्रॉप कव्हर टाकतं, तर कुणी घरातल्या जुन्या साड्या. रस्त्यानं जाताना कुणाच्या आत्याची मोरपंखी आणि कुणाच्या चुलतीची अबोली साडी नेसून उभी असलेली झाडं दिसली, की फळांपेक्षा त्या घराचाच इतिहास जास्त कळतो.

आण्णांनीही पांढरं कव्हर टाकलं होतं. पण एका दुपारी अवकाळी वारं सुटलं आणि त्यानं त्या कव्हरच्या पार चिंध्या केल्या. फळं उघडी पडली. आण्णा डोक्याला हात लावून बसले असताना सोनईहून त्यांच्या जुन्या दोस्ताचा, भागवतचा फोन आला. भागवतचा पिढीजात धंदा मांडवाचा. हल्लीच्या लग्नांना लॉन लागतं, पांढऱ्या-सोनेरी झालरी लागतात. त्याच्या वडलांच्या वेळचं मांडवाचं लाल कापड गोडाऊनमध्ये पडून होतं.

"घेऊन जा समदं," भागवत म्हणाला. "उंदरांनी खान्यापरीस तुझ्या डाळिंबांनी नेसलेलं बरं."

टेम्पो भरून कापड आलं. आण्णांनी प्रत्येक ओळीवर बांबूच्या कमानी रोवल्या, वरून लाल कापड ताणलं, आणि गरम वारं आत शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या कडा जमिनीपर्यंत आणून मातीत दाबल्या. ओळीओळीनं लाल बोगदे तयार झाले. रस्त्यावरचे लोक मोटारसायकली थांबवून विचारू लागले, "आण्णा, लगीन कुनाचं काढलं?"

"डाळिंबाचं!" आण्णा ओरडून सांगायचे. "आहेर आना!"

पहिल्या दिवशी आण्णा वाकून बोगद्यात शिरले आणि तिथेच थबकले. बाहेर डोळे दिपवणारं पांढरं ऊन, आणि आत सगळं लालीलाल. माती लाल, खोडं लाल, स्वतःचे हात लाल. कापडातून झिरपणारा तो उजेड इतका देखणा होता, की आण्णांसारखा रांगडा माणूसही आपले हात उलटेपालटे करून बघत राहिला. भर दुपारी दिवेलागणीची शोभा आली होती. आणि त्या उजेडात ती फळं! एकेक डाळिंब तेजानं फुलून आल्यासारखं दिसत होतं. पानं तर अशी काळीभोर, की आण्णांना वाटलं, शेणखतानं आपले पांग फेडले.

तेव्हापासून त्यांना त्या बोगद्याचं वेडच लागलं. सकाळचा चहा ते तिथे खुर्ची टाकून प्यायचे. बाकी कुणी कापड उचललेलं त्यांना खपायचं नाही. सुनील, त्यांचा मुलगा, साखर कारखान्यातून कामावरून आला की म्हणायचा, "आण्णा, आता अंथरून बी तिकडंच टाकू का?" आण्णांना त्याचा राग यायचा नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला चिडवलेलं गोडच लागतं.

एकच माणूस त्या बोगद्यात पाऊल टाकत नव्हतं. आण्णांची बायको, रतनबाई. पाणी सोडायचं असो की तण काढायचं, त्या बाहेरच्या बाहेर काम करायच्या.

"अगं, आत येऊन बघ तरी," आण्णा म्हणायचे. "सरगात आल्यावानी वाटतं."

"मला न्हाई करमत त्या उजेडात," एवढंच त्या म्हणायच्या आणि खुरपं घेऊन पुढे जायच्या. आण्णा मनात म्हणायचे, बाईमाणसाला सौंदर्याची नजर नसतेच.

दिवसेंदिवस फळं मोठी झाली. डाळिंब तयार व्हायला अजून महिनाभर तरी लागेल, असं रोपं देणाऱ्यानं सांगितलं होतं. पण आण्णा रोज बघत होते, फळं लालभडक झाली होती. आपल्या जमिनीचा कसच वेगळा, असं त्यांनी ठरवून टाकलं. सून दिशा एकदा म्हणाली, "आण्णा, एखादं फोडून बघायचं का?" तर आण्णांनी दोन्ही कानांना हात लावला. पहिल्या बहराचं पहिलं फळ मळ्यातल्या म्हसोबाचं, ही त्यांच्या घरची रीत. आधी झाडाची ओटी भरायची, मग फळ तोडून म्हसोबापुढे ठेवायचं. त्याआधी कुणी फळ तोडायचं नाही, तोंडाला लावणं तर दूरच. त्यांच्या आज्यानं उसाचं पहिलं कांडं ठेवलं होतं, वडलांनी पहिला पेरू ठेवला होता.

"मग फोटो तरी काढते," दिशा म्हणाली. तिनं बोगद्यात वाकून मोबाईलवर फोटो काढले. त्यात फळं नजर लागावी इतकी लाल आली होती. आण्णांनी तिला तेच फोटो अजिनाथला पाठवायला सांगितले.

अजिनाथ हा राहात्याचा व्यापारी. आण्णांचे पेरू तोच घ्यायचा. फोटो बघून त्याचा लगेच फोन आला.

"आण्णा, माल तर जबराट दिसतोय! फोडून बघितलं का?"

"अजून देवाला दाखवला न्हाई. पन माझा डोळा हाय ना."

"तुमचा डोळा म्हंजे इषयच न्हाई. मंग मी फोडून बघायला कशाला येऊ? रविवारी सकाळीच गाडी आनि तोडनीची मानसं घेऊन येतो. म्होरच्या पार्टीला तसा शब्द देतो."

"दे," आण्णा म्हणाले. "माझा शब्द तो तुझा शब्द."

फोन ठेवताना त्यांची मान नेहमीसारखी ताठ झाली होती.

शनिवारी दुपारी ओटी भरायचं ठरलं. ऊन कलायच्या आत उरकायचं होतं. ओटी भरायला घरची सवाष्ण हवी, म्हणजे रतनबाई हव्यातच. त्यांनी नवी साडी नेसली, हातात हिरव्या बांगड्या होत्याच. ताटात हिरवा खण, नारळ, गहू आणि हळदी-कुंकवाचा करंडा घेतला, आणि बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. आत जाताना त्यांनी एकदा मोठा श्वास घेतलेला आण्णांना दिसला. त्यांना हसू आलं.

आत रतनबाई पहिल्या झाडापुढे बसल्या. आण्णा शेजारी उकिडवे बसले. रतनबाईंनी करंडा उघडला, त्याच्याकडे बघितलं आणि त्या तशाच थांबल्या. मग त्यांनी करंडा आण्णांपुढे धरला.

"झाडाला आधी हळद लावायची ना? माझा हात भरलाय गव्हानं. तुमीच लावा जरा."

"लावतो की." आण्णांनी करंड्यात बोट बुडवलं आणि खोडाला बोट ओढलं.

"काय लावलं?"

"हळद. आनि काय?"

"बाहेर या," रतनबाई म्हणाल्या.

आण्णा कुरकुरत वाकून बाहेर आले. पांढऱ्या उन्हात त्यांनी स्वतःचं बोट बघितलं. बोटाला कुंकू होतं.

ते पुन्हा आत गेले, करंडा डोळ्यांजवळ धरला. दोन वाट्या, दोन्ही सारख्या लाल. कुठली हळद, कुठलं कुंकू, काही म्हणता काही कळेना. आयुष्यभर ज्या डोळ्याच्या भरवशावर बाजारात मान ताठ ठेवली, त्या डोळ्याला हळदीतलं आणि कुंकवातलं अंतर दिसत नव्हतं.

"हा खण बघा," रतनबाई शांतपणे म्हणाल्या. घरातून निघताना हिरवागार असलेला खण इथे काळा पडला होता. "आनि ह्ये." त्यांनी हात पुढे केला. हिरव्या बांगड्या कोळशासारख्या काळ्या दिसत होत्या.

मग ती काळीभोर पानं! आण्णांनी वर बघितलं. शेणखताचे पांग त्यांना आता आठवू नयेसे वाटले.

दिशा बोगद्याच्या तोंडाशी वाकून बघत होती. तिच्या लगेच ध्यानात आलं. "आण्णा, उन्हात समदे रंग असतात. लाल कापड लाल तेवढा आत सोडतंय, बाकीचे अडवतंय. मग हिरव्याला दिसायला हिरवा उजेडच राहत न्हाई."

"चाळनीतनं पीठ खाली पडतं, कोंडा वर ऱ्हातो, तसं," रतनबाई म्हणाल्या. "आपन पीठच बघत बसलो."

"पन... पन फळं..." आण्णांनी जवळचं एक फळ चाचपून बघितलं.

"फळ तोडायचं न्हाई. पन कापड उचलायला कुनी बंदी घातलीय?"

आण्णांनी मातीत दाबलेली कड उपसली. दिशानं दुसरीकडून धरलं. कापड वर गेलं आणि दुपारचं स्वच्छ, बिनरंगाचं ऊन सरळ झाडावर पडलं. पानं हिरवी झाली. आणि फळं? फळं पिवळट हिरवी होती. एखाद्याच्या एका बाजूला तेवढी लालीची पुसटशी झाक. डाळिंबं कच्ची होती, महिन्याभराची तरी कच्ची, आणि उद्या सकाळी अजिनाथची गाडी दारात उभी राहणार होती.

आण्णा बांधावर जाऊन बसले. फळांना काही झालेलं नव्हतं, ती यथावकाश पिकणारच होती. गेला होता तो शब्द. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'माल तयार आहे' असं सांगितलं होतं आणि माल तयार नव्हता. अजिनाथनं त्या शब्दावर पुढे शब्द दिला होता. उद्या बाजारात हसं होणार, आणि परवापासून आण्णांच्या पेरूच्या क्रेटमध्येही लोक तळापर्यंत हात घालणार.

दिशाला त्यांची अवस्था बघवेना. ती हळूच म्हणाली, "आण्णा, मोबाईलचा क्यामेरा बिघडला म्हनून सांगा. फोटो मीच काढले हुते. माझ्यावर घाला. माझं काय जातंय?"

खरं सांगायचं तर आण्णांना ते पटलं. क्षणभर नाही, चांगलं पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत पटलं. मोबाईलला कुठे बाजारात मान असते? पोरीनं आपण होऊन सांगितलंय. त्यांनी खिशातून फोन काढलासुद्धा.

रतनबाई शेजारी बसून हातातल्या बांगड्या उन्हात फिरवत होत्या. काचेतून गाळून आलेल्या उजेडाचे हिरवे चट्टे त्यांच्या मनगटावर हलत होते.

"तुला कसं कळलं गं?" आण्णांनी विचारलं. फोन लावणं लांबवायला म्हणून का होईना, पण विचारलं.

"मला आधीपासनंच ठावं हुतं. त्या कापडाखाली काय खरं दिसत न्हाई."

"कधीपासनं?"

"आपल्या लग्नापासनं."

आण्णांनी फोन खाली ठेवला.

"पुणतांब्याला आमच्या दारात असाच लाल मांडव हुता," रतनबाई सांगू लागल्या. "भर दुपारचं लगीन. मी पाटावर हुबी. म्होरं अंतरपाट धरलेला. मंगलाष्टकं चालू झाली, आनि माझी नजर सहज हातावर गेली. सकाळी कासारानं भरलेला हिरवा चुडा पार काळा पडलेला. मला दरदरून घाम सुटला. नवरीच्या हातात काळ्या बांगड्या! म्हनलं, ह्यो तर अपशकुन. आता काय खरं न्हाई. म्होरं काय वाढून ठेवलंय कुनास ठाऊक. आनि समद्या बायका म्हनत्यात, नवरी कशी लालबुंद दिसतीया! मी आतून पांढरीफटक पडले हुते, पन त्या उजेडात कुनाला दिसायचं?"

"मंग?"

"मंग लगीन लागलं. सांजंला बाहेर पाया पडायला आनलं तवा उन्हात बघितलं, तर चुडा आपला हिरवागार. तवा कळलं. चुडा काळा झालाच नव्हता. उजेडच तसा हुता."

"आनि ह्ये तू मला आज सांगतीयास? इतक्या वरसांनी?"

"तुमी इचारलं कधी? म्या म्हनले की, मला करमत न्हाई त्या उजेडात. तुमी 'का' म्हनून इचारलं?"

आण्णा बायकोच्या हातातल्या बांगड्यांकडे बघू लागले. अठरा-एकोणीस वर्षांची एक पोर, हातातला चुडा काळा पडलेला बघते, सगळं आयुष्य वाया चाललंय असं तिला वाटतं, आणि तरी ती हूं की चूं न करता उभी राहते. सभोवती शेकडो माणसं, आणि एकालाही काही दिसत नाही. त्या माणसांत नवरदेव होता, आणि तो म्हणजे आपणच. आण्णांना तिचं फार कौतुक वाटलं. एवढ्या वर्षांत घरातला सगळ्यात पक्का डोळा कुणाचा होता, तेही त्यांना आज कळलं.

ते उठून उभे राहिले आणि फोन लावला.

"अजिनाथ, मी बोलतोय. उद्या गाडी आनू नगो." ते थांबले. "फळं कच्ची हाईत. मोबाईलचं काय चुकलं न्हाई, फोटूचं बी न्हाई. माझाच डोळा चुकला. लाल कापडाखाली बघून म्या तुला शब्द दिला. त्यो मागं घेतो."

पलीकडून अजिनाथ म्हणाला, "आण्णा, तुमच्याकडून ह्ये ऐकायचं नव्हतं. म्होरच्या पार्टीपुढं माझं नाक गेलं की हो."

"व्हय. गेलं. तुला जे बोलायचं ते बोल."

फोन बंद झाला. आण्णांच्या ध्यानात आलं, की रतनबाई आपल्या तोंडाकडे नव्हे, तर पायांकडे बघतायत, आणि गालात हसतायत. या बाईला अशा वेळी हसू कसं येतं, हे त्यांना कळलं नाही. विचारायचं त्राणही नव्हतं.

रविवारी सकाळी मोटारसायकलवरून अजिनाथ एकटाच आला. तोंड फुगवूनच आला होता. "बघू तरी कुठं फसलात ते," म्हणत तो बोगद्यात शिरला. आण्णा त्याच्यामागून गेले. रतनबाईंनी आत करंडा आणून दिला.

"ह्यातली हळद दाखव," आण्णा म्हणाले.

अजिनाथनं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, नाकाशी धरून वास घेतला. शेवटी एका वाटीत बोट घालून तो बाहेर पळाला. बाहेरून त्याचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. त्याच्या बोटालाही कुंकूच होतं.

"आण्णा, म्या सोताची बायको बी वळखली नसती की ह्यात!" तो परत आत आला आणि लहान मुलासारखा एकेक गोष्ट बघू लागला. स्वतःचा पांढरा शर्ट लाल, खिशातलं हिरवं पेन काळं, पिवळी पावती लाल. त्याला त्या उजेडातून बाहेरच निघावंसं वाटेना. खुर्चीवर बसून त्यानं चहा घेतला आणि निघताना म्हणाला, "तोडनीच्या सकाळी कळलं आसतं तर मी बुडालो आसतो. तुमी आदल्या दिवशी सांगितलं, म्हनून पार्टीला मला बी सांगता आलं. तयार झाल्यावर फोन करा. मी फोडून बघायला तवाबी येनार न्हाई."

त्याची मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत आण्णा रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लाल कापड उतरवायला घेतलं. रतनबाईंनी ट्रंकेतून आपल्या जुन्या, धुऊन धुऊन रंग गेलेल्या साड्या काढून दिल्या. वरून आण्णांची जुनी धोतरं टाकली. त्यांतून ऊन मऊ होऊन खाली येई, पण आपला रंग फळाला लावत नसे. जे हिरवं ते हिरवं, जे पिवळं ते पिवळं. आण्णा आता रोज सकाळी बायकोला सोबत घेऊन जायचे आणि एखाद्या फळापुढे उभे राहून विचारायचे, "तुला काय वाटतं?" गावात लोक हसले. आण्णांनी हसू दिलं.

एप्रिल सरत आला तशी फळांवर खरी लाली चढली. पुन्हा ओटी भरली. या वेळी खोडाला हळदीचं पिवळंधमक बोट लागलं. पहिलं फळ तोडून म्हसोबापुढे ठेवलं. दुसरं आण्णांनी बांधावर बसून फोडलं आणि अर्धं रतनबाईंच्या हातात दिलं.

रतनबाईंनी एक दाणा दोन बोटांत धरून उन्हापुढे नेला. दाण्याच्या आरपार ऊन आलं. मधोमध बी तेवढी पांढरी, अडून बसलेली, आणि भोवती सगळा लाल उजेड. आण्णांनीही तसाच दाणा धरून बघितला. दोघं म्हातारी माणसं लहान पोरांसारखी एकेक दाणा उन्हाला दाखवून मग तोंडात टाकत होती. गोडी अशी होती, की अर्धं डाळिंब कधी संपत आलं ते कळलं नाही.

"एक इचारू?" शेवटी आण्णा म्हणाले. आताशा त्यांना विचारायची सवय लागली होती. "तुला अपशकुन वाटला, एवढी भ्यालीस. मामा पाठीशी हुबा हुता. त्येला सांगून निघून का न्हाई गेलीस?"

"निघालेच हुते," रतनबाई म्हणाल्या. "मामाला हाक मारनार, तेवढ्यात मान खाली गेली आनि अंतरपाटाच्या खालून तुमचे पाय दिसले. लटलट कापत हुते. म्हनलं, ह्यो तर माझ्याहून जास्त भ्यालाय. ह्येला असा एकला हुबा सोडून कुठं जायचं?"

आण्णांनी बांधावरून खाली सोडलेले पाय नकळत वर ओढून घेतले.

"त्या दिवशी अजिनाथला फोन लावताना बी तसेच कापत हुते," रतनबाई म्हणाल्या, आणि आपल्या हातातले उरलेले दाणे त्यांनी आण्णांच्या ओंजळीत ओतले.